विरोध तुझा, मसुदाही तुझाच

१९ एप्रिल, रविवार. तुमच्या बेसमेंटमधल्या वायरी सोडवत बसले आहे.

मधुकाका, कुसुमकाकूंनी सकाळी फोन करून बोलावलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच सांगितलं, "मीनल, खाली उतर आणि काय ते एकदाचं निकालात काढ. मला त्यातलं काही कळत नाही, आणि ज्यांना कळत होतं ते गेले." मग त्या कांदा चिरायला निघून गेल्या. त्या रडत नाहीत, मीही रडत नाही, म्हणून आमचं बरं चाललं आहे. कांदा चिरताना काय होतं ते आम्ही एकमेकींना विचारत नाही.

खोक्यांत काय नाही? टेलिफोनच्या चपट्या वायरी, जाड काळ्या केबल, तीन पिढ्यांचे मोडेम, मालक हरवलेले चार्जर. एका खोक्यात तर फक्त बाकीच्या खोक्यांतल्या वस्तू एकमेकींना जोडायच्या वस्तू आहेत. "लागेल कधीतरी," असं तुम्ही म्हणायचात. मी दोन ढीग केले आहेत. एक ई-वेस्टचा, आणि दुसराही ई-वेस्टचाच, पण आधी काकूंना दाखवायचा.

फ्यूनरल होममध्ये तुमच्याबद्दल पुष्कळ बोलणं झालं. सगळे म्हणाले, मधुकरराव अतिशय शांत, कुणाला न दुखावणारे, वादात न पडणारे. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, आपण चुकीच्या हॉलमध्ये तर नाही ना आलो. एक गृहस्थ म्हणाले, "काकांचं आपल्या देशावर नितांत प्रेम होतं." काकू माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "कुठल्या?"

मला हसू आवरेना. बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

कारण तुमचे देश तीन. जन्म नागपूरचा. पासपोर्ट कॅनडाचा, आणि टोरोंटोत टेलिफोनच्या कामात इतकी वर्षं काढलेली की जुने फोन नंबर ऐकून तुम्ही गल्ली सांगायचात. पण "आमच्या देशात असं नव्हतं" असं तुम्ही म्हणालात की तो या दोन्हींपैकी नसायचा. तो तिसरा. नकाशात बोटाखाली झाकला जाईल एवढा, समुद्रातला, थंड. तिथे तुम्हाला केबल टाकायच्या कामावर सल्लागार म्हणून पाठवलं होतं आणि तुम्ही तिथे जेमतेम दोन हिवाळे राहिलात. पण पुढे तो तुमच्यातून कधीच गेला नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही तरी कुठे घ्यायचात?

आपली ओळख झाली तो डिसेंबर होता. आम्ही रिचमंड हिलला तुमच्या शेजारच्या टाउनहाऊसमध्ये नुकते राहायला आलो होतो. रस्ता साफ करणारा ट्रक माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून गेला होता आणि मी तो शोव्हल करत होते. तुम्ही आलात. गळ्यात मफलर, हातात शोव्हल नाही, फक्त कॉफीचा कप.

"नवीन का? मराठी दिसते तू. आपण इथली सहा घरं मिळून एक स्नो ब्लोअर घेतला तं?"

"मी माझा ऑर्डर केलाय."

"अरे वा. मग तं प्रश्नच मिटला. पाच घरांचं काम झालं."

त्या हिवाळ्यात माझा स्नो ब्लोअर सहा घरांपुढे फिरला. हे मी नेमकं कधी कबूल केलं ते मला अजून आठवत नाही. मात्र पेट्रोल भरणं, तो दुरुस्त करणं आणि वापरून झाल्यावर पुसून माझ्या गराजमध्ये ठेवणं हे तुम्ही कुणालाही न सांगता स्वतःकडे घेतलंत. मी तक्रार करायला जागा शोधत होते आणि ती सापडत नव्हती. याचा मला तेव्हा फार राग यायचा.

सहकार हा शब्द मला आवडत नाही, हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. तुम्ही कारण विचारलंत. कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगितलं. माझे वडील आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याचे सभासद होते. मी शाळेत असताना त्यांनी मला एकदा वार्षिक सभेला नेलं. मोठा मांडव, मागे भट्टीवर जिलेबी. व्यासपीठावरच्या माणसाने पहिला विषय वाचायला घेतला आणि त्याचं वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगांतून आरोळी उठली, "मंजूर! मंजूर!" दुसरा विषय, मंजूर. तिसरा, मंजूर. बाबांना एक प्रश्न विचारायचा होता. ते हात वर करून उभे राहिले, तोवर राष्ट्रगीत सुरू झालं. ते उभेच होते. तसेच उभे राहिले. घरी येताना त्यांनी मला जिलेबी घेऊन दिली आणि स्वतः खाल्ली नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सगळीकडे तसं नसतं. तुम्ही आधी पोटभर हसलात, राष्ट्रगीताला. मग डोळे पुसत म्हणालात, "बाप्पा! तुमच्याकडे मंजूर म्हणणाराच लिहायचा ना? म्हणून तसं झालं. आमच्या देशात नामंजूर म्हणणारा लिहितो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

हा प्रश्न विचारायला नको होता. कॉफीचे दोन कप झाले, काकू जेवायला हाक मारून थकल्या, आणि मला ते सगळं ऐकावं लागलं.

त्या देशात म्हणे टेलिफोनचा किंवा इंटरनेटचा कुठलाही नियम आधी टेबलावर यायचा आणि मग कागदावर. टेबलाभोवती सरकारी खात्याची बाई, दोन्ही टेलिफोन कंपन्या, दूधसंघ, बंदरावरचे लोक, शाळांच्या वतीने कुणीतरी. खात्याच्या बाईचं काम दोनच, कॉफी करायची आणि कुणी मध्ये बोललं तर चमचा वाजवायचा. रस्ता एकदा खणला की सगळ्यांच्या नळ्या एकदाच त्यात गेल्या पाहिजेत, हा तिथला नियम. एकाचा टॉवर दुसऱ्याला वापरू दिला पाहिजे, हाही. आणि या दुसऱ्याला सगळ्यात मोठ्या कंपनीचा साहेब ठार विरोधात होता. टॉवर त्याचे, तो कशाला देईल? तो टेबलावर हात आपटून बोलला. त्याचं बोलून झाल्यावर खात्याच्या बाईने त्याच्यापुढे कोरे कागद सरकवले. पहिला मसुदा तू लिही. अट एकच, की ज्याला टॉवर हवा आहे त्याला तो वाचून वाटलं पाहिजे, हो, मला हेच हवं होतं. मग त्यात तुझे जेवढे अडसर घालायचे तेवढे घाल.

"आणि त्यानं लिहिला?"

"शिव्या देत लिहिला. पण असा लिहिला मीनल, की दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. पळवाटा कुठून काढता येतील हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक?"

"म्हणजे कुलूप चोराकडून बनवून घ्यायचं."

"चोर नाही बाई. शंकेखोर. तुझ्यासारखा."

मी एका बँकेत कंत्राटं वाचते. वाचल्याशिवाय सही करू नका, हे लोकांना सांगण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे मला ही पद्धत मनातून आवडली होती. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही अजून एक कप कॉफी केली असती.

त्याऐवजी मी म्हटलं, "काका, तो एवढासा देश. सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून जमतं त्यांना. इथे मला पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचं नाव माहीत नाही."

तुम्ही मान हलवलीत. "उलटं सांगून राहिली तू. ओळखतात म्हणूनच बिघडतं. अर्धा देश एकमेकांच्या नात्यात. कोण कोणाला तोंडावर नाही म्हणेल? सगळे हसून हो म्हणायचे आणि मागाहून पंधरा वर्षं कुरकुर करायचे. म्हणून त्यांनी नाही म्हणणाऱ्याला कामच देऊन टाकलं. मानाचं काम."

मला ते पटलं नाही. हा वाद आपण किती वेळा घातला असेल! ड्राइव्हवेवर, ग्रोसरीच्या रांगेत, विंटर टायर बदलायला गेलो असताना त्या वर्कशॉपच्या बाकावर. तुम्ही म्हणायचात ओळख ही अडचण. मी म्हणायचे ओळख हेच भांडवल. दोघांनीही तसूभर माघार घेतली नाही, आणि दोघांचेही टायर वेळेवर बदलून झाले.

मग गेल्या शरदात ती नोटीस आली. आपलं कॉम्प्लेक्स आणि शेजारची दोन मिळून जो आतला रस्ता आहे, त्याच्याखालची पाण्याची जुनी पाइपलाइन बदलायची होती. मे महिन्यात रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत खणणार. लोकांनी पार्किंगची चिंता केली. तुम्ही खणलेला रस्ता पाहिलात.

पार्टी रूममधल्या त्या मीटिंगला तुम्ही नारिंगी प्लास्टिकच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन आलात. म्हणालात, रस्ता उघडा असेपर्यंत ही नळी आत टाकू. रिकामी. आपल्या मालकीची, तिन्ही कॉम्प्लेक्सची मिळून. मग इंटरनेटची जी कंपनी येईल तिने तिची केबल या नळीतून आणावी. मोठीला नको तर लहान येईल, एकीला कंटाळलो तर दुसरी येईल. आज एकाच कंपनीची केबल जमिनीखाली आहे म्हणून ती सांगेल ते ऐकावं लागतं. एकदा रस्ता बुजवला आणि डांबर पडलं, की आपल्या हयातीत तो पुन्हा कुणी खणणार नाही. असं म्हणून तुम्ही नळी डोळ्याला लावलीत आणि तिच्यातून सरळ माझ्याकडे पाहिलंत.

मी उठले. विरोध केला. नळी तुंबली तर कोण साफ करणार? तिन्ही कॉम्प्लेक्सच्या बोर्डांचं भांडण झालं तर नळीच्या झाकणाची किल्ली कुणाकडे? एखाद्या कंपनीने पूर्ण नळी एकटीनेच भरून टाकली तर? घर विकलं तर नव्या मालकावर हे बंधन कशाच्या जोरावर? एकेक प्रश्नासरशी तुमचा चेहरा उजळत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझं संपल्यावर तुम्ही इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात की मीनलच्या इतका चांगला विरोध कुणी केलेला नाही, तेव्हा पहिला मसुदा तिने लिहावा. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग खाली बसताना हळूच मराठीत, "विरोध तुझा, मसुदाही तुझाच."

घरी आल्यावर ईशाला सांगितलं. तिने फोनवरून मान वर न करता निकाल दिला, "आई, यू गॉट प्लेड." माझ्या मुलीला तुम्ही किती कळला होतात पाहा.

सगळा हिवाळा शनिवारच्या शनिवार मी तुमच्या किचन टेबलावर तो मसुदा लिहिला. काकू पाटवड्या करायच्या, कधी वडाभात. तुमच्या देशाचा आणखी एक नियम तिथे कळला. समर्थकाने लिहिणाऱ्याच्या पेनाला हात लावायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही. आता तुम्ही आणि न बोलणं! म्हणून तुम्ही समोरच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचात. हात बांधले की तोंडही आपोआप बंद राहतं, असा तुमचा शोध होता. अर्धवट खरा होता. भुवया मोकळ्या राहायच्या.

"काका, किल्ली तिघांपैकी कुणाकडे? असं लिहू का, की दर वर्षी फिरती?"

"मी समर्थक आहे. मला विचारू नको."

"निदान चूक आहे का ते सांगा."

"काकूला विचार."

काकू म्हणायच्या, "फिरती किल्ली? फिरत फिरत हरवेल." आणि मी ते वाक्य खोडायचे. खरं सांगायचं तर त्या मसुद्यात काकूंचं डोकं बरंच आहे. जमिनीखाली कायमचं काय राहणार आणि वर बदलत काय राहणार, हे त्यांना आपल्या दोघांपेक्षा लवकर समजलं. तुम्ही हात मांडीखाली दाबून बसलेले असल्यामुळे पाटवडी त्या तुम्हाला भरवायच्या. मी कागदात बघायचे.

शेवटच्या शनिवारी मी पेन खाली ठेवलं आणि तो प्रश्न विचारला. "काका, हे सगळं तुमच्यावर चाललंय. तुम्ही दारोदार जाता, लोक तुम्हाला नाही म्हणत नाहीत. बाबांच्या कारखान्याचंही सुरुवातीला असंच होतं. पहिला माणूस चांगलाच होता. तो गेला आणि मग मंजूर मंजूर सुरू झालं. तुम्ही नसलात तर यात काय उरेल? त्यासाठी कुठलं कलम लिहू?"

तुम्ही मांडीखालून हात काढलेत. मला वाटलं, आता नियम मोडून बोलणार. तुम्ही पाण्याचा ग्लास घेतलात, सगळा प्यायलात आणि म्हणालात, "चांगला प्रश्न आहे. पुढच्या शनिवारी बोलू."

पुढच्या शनिवारी तुम्ही नव्हतात. मला यात काव्य वगैरे काही दिसत नाही. मला तुमचा रागच आला. हा वाद अर्ध्यावर टाकून जायची काही गरज नव्हती.

आता कालचं सांगते. त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. वायरी हे निमित्त.

काल पार्टी रूममध्ये मीटिंग होती. मे तोंडावर आला आहे, कंत्राटदाराला या आठवड्यात कळवायचं आहे, नाहीतर रस्ता खणला जाईल, पाण्याचे पाइप बदलतील आणि रस्ता बुजून जाईल. आपल्या बोर्डाची प्रेसिडेंट जेनिफर, तुम्ही जिला लोणचं खायला शिकवलंत ती, उभी राहिली. तुमचा फोटो टेबलावर होता. ती तुमच्याबद्दल दोन वाक्यं बोलली. मग ती म्हणाली, मधूने आपल्यासाठी हे शेवटचं काम केलं आहे, मसुदा तयार आहे, आपण तो त्याच्या आठवणीत आत्ताच्या आत्ता पास करू या, चर्चा नको. आणि त्या नळीला मधूचं नाव देऊ या.

सगळी खोली उभी राहिली. तिन्ही कॉम्प्लेक्सची माणसं, सगळे हात वर. कुणी डोळे पुसत होतं. मी माझा हात वर गेलेला पाहिला. मसुद्याचे कागद खुर्च्यांवर पडले होते, ज्याच्या त्याच्या खुर्चीवर, कोरे करकरीत, एकही दुमडलेला नाही. आणि मला मागून चक्क जिलेबीचा वास आला.

काका, ती माणसं लबाड नव्हती. त्यांचं तुमच्यावर प्रेम होतं. म्हणूनच कुणी वाचलं नव्हतं. ओळखतात म्हणूनच बिघडतं, असं तुम्ही जे इतकी वर्षं म्हणत होतात, ते माझ्या डोळ्यांसमोर हात वर करून उभं होतं.

मी हात खाली घेतला आणि म्हटलं, "नाही."

जेनिफर म्हणाली, "पण मीनल, हा तूच लिहिलायस!"

"म्हणूनच. मी विरोधात होते तेव्हा मधुकाकांनी मला लिहायला लावलं. आता विरोधात कोण आहे?"

कुणीतरी मागून हळूच म्हणालं की आजच्या दिवशी हे बरं नाही. शोकात विघ्न आणल्यासारखं झालं. मला माझ्या बाबांसारखं, सगळे बघत असताना, एकटीने उभं राहावं लागलं. फरक एवढाच की राष्ट्रगीत लागलं नाही.

तेव्हा मागच्या रांगेत एक माणूस बसलेला दिसला. सगळी खोली उभी असताना तो एकटा बसून होता. पलीकडच्या गल्लीतले मिस्टर लॅम. ज्यांचं नाव मला माहीत नाही असं मी तुम्हाला सांगायचे, ते हेच. निवृत्त गणित शिक्षक आहेत, हे काल कळलं. ते बसूनच म्हणाले, "आय डिड नॉट रीड. आय डोन्ट व्होट व्हॉट आय डिड नॉट रीड." मग चष्मा नाकावर सरकवून पुढे म्हणाले, की पहिलं पान आत्ता वाचलं आणि ते चुकीचं आहे.

काय सांगू तुम्हाला! त्या संध्याकाळभरात तेवढं एकच वाक्य मला तुमच्या आठवणीत बोलल्यासारखं वाटलं.

मीटिंग गुरुवारपर्यंत पुढे ढकलली. जेनिफर माझ्यावर रागावली आहे. कंत्राटदार गुरुवारपर्यंतच थांबेल, त्यापुढे नाही. गुरुवारी हे फसलं तर नळी जाणार नाही आणि त्याला जबाबदार मी असेन. मला झोप चांगली लागली, पण ईशाने सकाळी विचारलंच, "सो यू किल्ड इट?" मी म्हटलं, अजून नाही.

घरी चालत येताना एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला सांगायची राहिली. मी आता विरोधात नाही. मला ती नळी जमिनीखाली गेलेली हवी आहे. हे नेमकं कधी झालं तेही स्नो ब्लोअरसारखंच मला आठवत नाही. गेल्या शनिवारांपैकी कुठल्या तरी शनिवारी मी बदलले आणि तुमच्यासमोर अवाक्षर काढलं नाही, कारण तुमच्या भुवया मला पाहवल्या नसत्या. आता काढते. घ्या.

आत्ता शेवटच्या खोक्याच्या तळाशी तो नारिंगी तुकडा सापडला. काकूंना वर नेऊन दाखवला.

"हे काय?"

"काकांची नळी. मीटिंगला आणली होती ती."

त्यांनी हात पुसले, नळी डोळ्याला लावली, माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "काही नाही आत," त्या म्हणाल्या.

"तेच तर."

"मग ठेव. लागेल कधीतरी."

आम्ही दोघी हसलो. खूप हसलो. दुसरा ढीग त्यांनी न बघताच ई-वेस्टला दिला.

* * *

सोमवारी सकाळी बँकेची पहिली मीटिंग पुढे ढकलली आणि नऊच्या आत मिस्टर लॅम यांची बेल वाजवली. हातात मसुदा, कोरे कागद, काकूंनी दिलेला पाटवड्यांचा डबा आणि काखेत नळी. ते स्लिपर घालून दारात आले आणि माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाले, "आय ॲम अगेन्स्ट."

"आय नो," मी म्हटलं. "दॅट्स व्हाय आय केम."

त्यांनी मला किचनमध्ये बसवलं. मी तुमच्या देशाची पद्धत सांगितली. गुरुवारपर्यंत नवा मसुदा त्यांनी लिहायचा, अट एकच, ज्यांना नळी हवी आहे त्यांना तो वाचून आपला वाटला पाहिजे. ते ऐकत राहिले. मग विचारलं, की हा नियम कुठल्या देशाचा? मी म्हटलं, "आमच्या."

त्यांनी ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. शिक्षकच ते. पहिल्या पानावरचं माझं दुसरंच वाक्य आडवं खोडलं, ज्याच्यावर मी दोन शनिवार घालवले होते. मग किल्लीच्या कलमाशी थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, इथे तुला नेमकं काय म्हणायचं होतं?

"मी समर्थक आहे," मी म्हटलं. "मला विचारू नका."

"मग तू इथे बसून काय करणार?"

मी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि घट्ट दाबून बसले.